ऑगस्टऐवजी जानेवारीत: अमेरिकेत स्प्रिंग सेमिस्टरला पहिलं वर्ष सुरू करताना

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि नव्या मुलांसाठीची सगळी व्यवस्था त्याच हिशोबाने बेतलेली असते. ऑगस्टच्या बॅचला बऱ्याच ठिकाणी आठवडाभराचं स्वागत मिळतं: कॅम्पसची फेरी, क्लबांची जत्रा, हॉलमधल्या ओळखीपाळखी. जानेवारीत येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा एक-दोन दिवसांचं ओरिएंटेशन येतं, त्यातलाही काही भाग ऑनलाइन, आणि लगेच वर्ग सुरू. सुविधा सगळ्या तशाच असतात, पण त्या तुमच्यापर्यंत चालत येत नाहीत. कुठल्या आठवड्यात काय करायचं हे जानेवारीच्या मुलाला आधी माहीत असावं लागतं, कारण चुकलेली तारीख त्याला सहसा कोणी आठवून देत नाही.

पहिला प्रश्न पोचायचं कधी हा. विद्यापीठ व्हिसासाठी जो आय-२० नावाचा कागद देतं, त्यावर प्रोग्राम सुरू होण्याची जी तारीख छापलेली असते, तिच्या फार तर ३० दिवस आधी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, देशात शिरता येतं. पण लवकर पोचण्यात दोन अडचणी आहेत. हिवाळी सुट्टीत अनेक निवासी हॉल बंद असतात, जेवणाचा हॉल वर्गांच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी उघडतो आणि कॅम्पसची बस सुट्टीच्या वेळापत्रकावर धावते. लवकर यायचंच असेल तर हाउसिंग ऑफिसला आधी लिहून ‘अर्ली अरायव्हल’ची परवानगी घ्या, तिकीट काढल्यावर नाही, काढण्याआधी.

दुसरी अडचण कराची, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. करासाठी रहिवासी कोण हे ठरवताना एफ-१ वरच्या विद्यार्थ्याचे मुक्कामाचे दिवस अमेरिकी करनियमांत साधारणपणे पाच कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत, मात्र वर्षाचा एक दिवस जरी तिथे काढला तरी ते वर्ष या पाचांत धरलं जातं. २८ डिसेंबरला उतरलेल्या मुलाचं एक अख्खं वर्ष चार दिवसांपायी खर्ची पडतं. शिवाय त्या चार दिवसांसाठी करखात्याचा फॉर्म ८८४३ भरावा लागतो. कमाई काहीच नसेल तर त्याची मुदत १५ जूनपर्यंत असते. नाइलाज नसेल तर १ जानेवारीनंतरच उतरा.

उतरल्यावर आय-९४ ची, म्हणजे देशात शिरल्याची, नोंद ऑनलाइन काढून नाव, जन्मतारीख आणि ‘एफ-१’ हा दर्जा बरोबर आहे ना ते पाहा. मग इंटरनॅशनल ऑफिसमध्ये चेक-इन. प्रोग्राम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तुमची नोंदणी सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत व्हावी लागते. ती तिथला अधिकारी, म्हणजे डीएसओ, करतो. पण तुमचा राहता पत्ता आणि पुरेसे विषय असल्याशिवाय त्याला ती करता येत नाही. पुढे पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा.

आता लसींबद्दल, कारण जानेवारीत सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथे. विद्यापीठाला लसींचे पुरावे मिळाले नाहीत तर खात्यावर ‘होल्ड’ लागतो आणि विषय घेता-बदलता येत नाहीत. गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरच्या एमएमआरचे दोन डोस बहुतेक ठिकाणी मागतात, आणि ते वयाचे १२ महिने पूर्ण झाल्यावर दिलेले असावे लागतात. आपल्याकडे गोवराचा पहिला डोस साधारण नवव्या महिन्यात देतात, तो इथे धरत नाहीत. शिवाय सरकारी लसीकरणातल्या एमआर लशीत गालगुंडाचा भाग नसतो. म्हणजे घरच्या कार्डावर दोन शिक्के दिसत असले तरी इथल्या हिशोबाने एकही पूर्ण नसू शकतो. दोन डोसांमध्ये निदान २८ दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे हे काम निघण्याच्या दोन महिने आधी हाती घ्या. रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दिसली तर तेही बऱ्याच ठिकाणी चालतं. कागदावर इंग्रजीत प्रत्येक डोसची पूर्ण तारीख आणि डॉक्टरांची सही हवी. नुसतं ‘सर्व लसी दिल्या आहेत’ असं पत्र परत येतं.

क्षयाच्या चाचणीचंही तसंच. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे वगैरे मागे लागतं. आयजीआरए नावाच्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. हेल्थ सेंटरला तीच करून द्यायला सांगा.

विम्याचं थोडक्यात: विद्यापीठाचा आरोग्य विमा फीच्या बिलात आपोआप लागतो. दुसरा, त्यांच्या अटींत बसणारा विमा असेल तर सूट मागण्याची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच संपते. ती गेली की पैसे गेले.

विषयांची निवड हा जानेवारीचा खरा तिढा. पहिल्या वर्षाचे मुख्य विषय जोडीने चालतात: कॅल्क्युलस एक मग दोन, जनरल केमिस्ट्री एक मग दोन. पहिला भाग फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्टच्या सेमिस्टरला, दुसरा स्प्रिंगमध्ये अशी त्यांची सांगड असते. स्प्रिंगमध्ये पहिला भाग असतोच असं नाही. असला तरी एक-दोनच तुकड्या असतात आणि त्या लवकर भरतात. इंजिनिअरिंगमध्ये तर काही पुढचे विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात, म्हणजे एक दुवा हुकला की अख्खं वर्ष मागे. म्हणून ॲडव्हायझरशी पहिल्या भेटीत ‘या सेमिस्टरला काय घेऊ’ एवढंच विचारून उठू नका. चार सेमिस्टरचा आराखडा मागा आणि दोन गोष्टी स्पष्ट विचारा: कुठला विषय फक्त फॉलमध्ये असतो, आणि उन्हाळ्यात कुठला विषय केला तर मी ऑगस्टच्या बॅचच्या बरोबरीला येईन. गणिताची प्लेसमेंट चाचणी असेल तर ती या भेटीच्या आधी द्या. तिचा निकाल नसेल तर ॲडव्हायझरला तुम्हाला योग्य वर्गात बसवता येत नाही.

एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला निदान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, आणि त्या १२ मध्ये पूर्ण ऑनलाइन असा एकच विषय, म्हणजे ३ क्रेडिट, धरले जातात. तीन-तीन क्रेडिटचे चारच विषय घेतले तर हाती काहीच सैल राहत नाही: एक जड गेला तरी सोडता येत नाही. झेपत असेल तर १५ ने सुरुवात करा, म्हणजे एक सोडूनही १२ उरतात. डीएसओच्या मंजुरीशिवाय १२ च्या खाली गेलात तर व्हिसाचा दर्जा जातो. प्राध्यापक ‘खुशाल सोड’ म्हणाले तरी त्यांना इमिग्रेशनचे नियम माहीत असतीलच असं नाही.

विषय विनाखूण सोडण्याची, म्हणजे ॲड-ड्रॉपची, मुदत साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते. त्यानंतर सोडलेल्या विषयापुढे ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ‘डब्ल्यू’ येतो आणि फीही पूर्ण परत मिळत नाही. ॲड-ड्रॉपच्या याच दिवसांत जागा सर्वांत जास्त हलतात. हवा तो वर्ग भरलेला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासापासून वर्गात जाऊन बसा. पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं काही विभाग काढून टाकतात, आणि ती जागा मिळते तेव्हा तुमचा अभ्यास मागे पडलेला नसतो.

पुस्तकं पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. आधी लायब्ररीच्या ‘कोर्स रिझर्व्ह’मध्ये पाहा, अनेक पाठ्यपुस्तकं तिथे दोन-तीन तासांसाठी मिळतात. जुनी आवृत्ती चालेल का हे प्राध्यापकांनाच विचारा, बऱ्याचदा चालते. मात्र गृहपाठ प्रकाशकाच्या संकेतस्थळावर असेल तर ॲक्सेस कोड लागतोच, आणि तो जुन्या पुस्तकाबरोबर मिळत नाही. काही वर्गांत पुस्तकाचे पैसे थेट फीच्या बिलात लागतात. नको असेल तर तिथेही नकार कळवण्याची मुदत असते, बहुधा ॲड-ड्रॉपच्या आसपासच.

अभ्यासासाठीच्या मदतीत ऑफिस अवर्ससारखं दुसरं काही नाही, आणि आपली मुलं तिथेच सर्वांत कमी जातात. ‘सरांना कशाला त्रास’ हा संकोच इथे नुकसान करतो. ती वेळ प्राध्यापकांनी तुमच्यासाठीच राखून ठेवलेली असते. सिलॅबसवर वार, वेळ आणि खोली लिहिलेली असते. ‘मला काही कळलं नाही’ असं म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नका. अडलेलं एक गणित, जिथपर्यंत सुटलं तिथपर्यंत कागदावर घेऊन जा. बोलणं तिथूनच सुरू होतं. पहिल्या तीन आठवड्यांत एकदा तरी जा. पहिल्या मिडटर्मनंतर दाराबाहेर रांग असते, आणि पुढे शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा ओळख असलेले प्राध्यापक हवे असतात.

रायटिंग सेंटरला जाताना निबंधाबरोबर प्राध्यापकांनी दिलेला प्रश्न आणि सूचनाही न्या. तिथले लोक व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देत नाहीत. मांडणी, मुद्दा आणि पुरावा यांवर बोलतात. म्हणून मुदतीच्या आदल्या रात्रीच्या भेटीचा उपयोग नाही. तीन-चार दिवस आधीची वेळ घ्या. संदर्भ कसे द्यायचे हेही तिथे शिकून घ्या. न सांगता उचललेलं एक वाक्यसुद्धा इथे गंभीर गुन्हा धरतात.

कार्यक्रमांकडे वळू. स्प्रिंगची क्लब जत्रा बहुधा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, ऑगस्टपेक्षा लहान. ती लहान असते हे बरंच आहे, कारण टेबलावरच्या माणसाशी बोलायला वेळ मिळतो. अनेक क्लबांचे नवे पदाधिकारी मार्च-एप्रिलमध्ये निवडले जातात, आणि पुढच्या वर्षी कोण काम करणार याचा शोध त्यांना तेव्हाच असतो. फेब्रुवारीपासून नियमित जाणाऱ्या नव्या मुलाला एप्रिलमध्ये खजिनदारपद मिळणं अजिबात अवघड नाही. दोनच क्लब निवडा, एक अभ्यासाशी जोडलेला आणि एक निव्वळ आवडीचा, आणि तिथे न चुकता जा. भारतीय विद्यार्थ्यांचं मंडळ असेलच, पण तेवढ्यावर थांबू नका.

करिअर फेअरही याच सुमाराला भरतो. जरूर जा, पण एक हिशोब डोक्यात ठेवून: कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी नावाची जी परवानगी लागते, ती पदवीच्या विद्यार्थ्याला एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. जानेवारीत आलेल्याचं ते वर्ष पहिल्या उन्हाळ्याआधी भरत नाही. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यासाठी कॅम्पसवरचंच काम शोधा: प्रयोगशाळा, लायब्ररी, उन्हाळी शिबिरं. कॅम्पसवर वर्ग चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं आणि सुट्टीत पूर्णवेळ. जानेवारी ही अशा नोकऱ्यांसाठी चांगली वेळ आहे, कारण डिसेंबरमध्ये पदवी घेऊन गेलेल्यांच्या जागा रिकाम्या होतात. जाहिरातीत ‘फेडरल वर्क-स्टडी’ लिहिलं असेल तर ती सोडून द्या, ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी नसते. काम मिळालं की कामाचं पत्र आणि डीएसओचं पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज करा. देशात आल्यावर निदान १० दिवस थांबून गेलात तर नोंदी न जुळण्याची अडचण टळते.

खोलीबद्दल एक सांगायला हवं. तुम्ही ज्या खोलीत जाता तिथे दुसरं कोणी चार महिन्यांपासून राहत असतं. कपाटं भरलेली असतात, सवयी बसलेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात आरएला, म्हणजे मजल्यावरच्या विद्यार्थी-प्रमुखाला, सांगून ‘रूममेट ॲग्रीमेंट’ नव्याने भरायला लावा: झोपायची वेळ, पाहुणे, फ्रिज, स्वच्छता. हे मागणं उद्धटपणाचं नाही, पद्धतच तशी आहे. आणि पुढच्या वर्षीच्या खोल्यांची निवड फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरू होते, म्हणजे तुम्ही अजून इमारतींची नावं शिकत असताना. मुदत शोधून कॅलेंडरमध्ये टाका.

थंडी आणि लवकर मावळणारा सूर्य यांचा मनावर परिणाम होतो, आणि जानेवारीत आलेल्यावर जास्त, कारण बाकीच्यांचे गट आधीच जमलेले असतात. काउन्सेलिंग सेंटरची पहिली भेट त्रास वाढायच्या आत घ्या. सेमिस्टरच्या मध्यावर वेळ मिळायला आठवडे लागू शकतात. तिथलं बोलणं गुप्त राहतं, जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. आईवडिलांना ते कळवत नाहीत. मार्कांचंही तसंच आहे: १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवणाऱ्या कायद्याने तुमच्या लेखी परवानगीशिवाय ते पालकांना सहसा दाखवत नाहीत. अगदी असह्य झालं तर ९८८ हा मानसिक संकटातल्यांसाठीचा फोन देशभर कुठूनही दिवसरात्र लागतो.

मार्चचा दुसरा रविवार लक्षात ठेवा: बहुतेक राज्यांत घड्याळ एक तास पुढे जातं. पूर्व किनाऱ्यावर भारताशी साडेदहा तासांचा फरक साडेनऊ होतो आणि घरी ठरलेल्या वेळेचा फोन चुकतो. त्याच महिन्यात आठवडाभराची स्प्रिंग ब्रेकची सुट्टी असते. तुमचा हॉल आणि जेवणाचा हॉल तेव्हा उघडा राहणार का, हे फेब्रुवारीतच विचारा.

मार्चअखेर-एप्रिलमध्ये फॉलच्या विषयांची नोंदणी सुरू होते. वेळ मिळते ती साठलेल्या क्रेडिटनुसार, त्यामुळे जानेवारीच्या मुलांचा नंबर शेवटी लागतो. आधीचे काही क्रेडिट मिळणार असतील तर त्यांची कागदपत्रं फेब्रुवारीतच देऊन ते नोंदवून घ्या, म्हणजे वेळ पुढे सरकते. ॲडव्हायझरला भेटल्याशिवाय न निघणारा एक होल्ड बऱ्याच विभागांत असतो. ती भेट नोंदणी उघडायच्या आठवडाभर आधी उरका. आणि उन्हाळ्यात घरी यायचं असेल तर त्याच सुमारास इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन आय-२० च्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही घ्या. मे महिन्यात सगळेच तिथे रांगेत असतात.