तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉल कळत नाही, तरी शाहू स्टेडियमवर यावं का?

कोल्हापुरात हंगाम चालू असताना पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. अंबाबाईचं दर्शन झालं, तांबडा-पांढरा झाला, आता चार वाजता मॅच आहे म्हणतात. पण ऑफसाइड कशाशी खातात हेही ठाऊक नाही, मग दीड-दोन तास बसून करायचं काय?

या की. फक्त चेंडूवर डोळे लावून बसू नका. तेवढं टीव्ही जास्त चांगलं दाखवतो.

आधी कुठली मॅच ते ठरवा. पाऊस सरून मैदान वाळलं की हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर सहसा दिवसाला दोन सामने असतात, पहिला दुपारी दीड-दोनला, दुसरा चारच्या सुमारास. पहिल्यांदा येणाऱ्यानं, त्यातून पोरंबाळं बरोबर असतील तर, लीगमधला दुपारचा सामना बघावा. गर्दी बेताची असते आणि हवी तिथं जागा मिळते. मात्र पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर असले तर तो मामला वेगळा. इथले संघ म्हणजे पेठांतल्या तालमी आणि तरुण मंडळं. पाटाकडील मंगळवार पेठेची, शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचं. दोन्हीकडची माणसं एकमेकांची पाहुणेरावळे, पण त्या दीड तासात इर्षा पेठेची असते. तेव्हा तासभर आधी पोचा, आणि कुठल्या गॅलरीत कुणाचे समर्थक बसतात ते गेटवरच विचारून घ्या. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथंच. समोरच्या संघाचा पास आवडला म्हणून टाळी वाजवतो, आणि मग आजूबाजूची पंधरा डोकी मागं वळतात. कुणी मारत नाही, पण पुढचा वेळ अवघड जातो. कपडेही दोन्ही संघांच्या जर्सीशी न जुळणारे घाला.

बसायचं ते मध्यरेषेच्या आसपास आणि वरच्या पायरीवर. खाली जाळीजवळ मजा वाटते, पण तिथून मैदान चपटं दिसतं आणि कोण कुणाच्या पुढं आहे ते कळत नाही. चारच्या सामन्यात ऊन तिरपं होतं, म्हणून सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरा. पायऱ्या दुपारभर तापलेल्या असतात. वर्तमानपत्राची एक घडी पुरत नाही, जाड टॉवेल आणा.

आता ऑफसाइड. नियम पाठ करायची गरज नाही, कडेनं झेंडा घेऊन पळणाऱ्या लाइन्समनकडं बघा. शेवटून दुसरा बचावपटू जिथं असेल, त्याच्या सरळ रेषेत तो सतत सरकत असतो. शेवटचा बहुतेक वेळा गोलरक्षक असतो, म्हणून दुसरा. चेंडू त्याच्याही पुढं गेला तर लाइन्समन चेंडूच्या रेषेत येतो. म्हणजे त्याच्या पायापासून मैदानात आडवी दोरी ताणली आहे असं समजा. साथीदारानं पास मारला त्या क्षणी गडी दोरीच्या पलीकडं असेल आणि तो त्या चेंडूच्या खेळात पडला, तर ऑफसाइड. चेंडू पोचला तेव्हा कुठं होता हा प्रश्नच नाही. गॅलरीत निम्मी भांडणं याच्यावरच होतात, कारण सगळ्यांनी पास मारणाऱ्याकडं बघितलेलं असतं. स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नसतो. थ्रो-इन (कडेवरून हातानं टाकलेला चेंडू), कॉर्नर (कोपऱ्यातून मारलेली किक) आणि गोलकिक (गोलपुढून मारलेली किक) यांवरूनही थेट नसतो.

कॉर्नर मिळाला की तर चेंडू साफ विसरा आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकोनात, बघा. गोलरक्षकाच्या नाकासमोर एक गडी मुद्दाम उभा राहतो, त्याचं काम हेडर मारायचं नसून रक्षकाची वाट अडवायची. दोघंतिघं एकमेकांची जर्सी मुठीत धरून असतात आणि रेफरीनं तिकडं पाहिलं की हात सोडून देवासारखे उभे. डीच्या बाहेर, कडेला, एखादं बुटकं पोरगं एकटंच थांबलेलं दिसेल. अर्धवट परतवलेला चेंडू त्याच्याकडं येतो. मागं मध्यरेषेजवळ एकदोघं राखणीला ठेवलेले असतात; तेही पुढं गेले, तर चेंडू निसटल्यावर पलटून होणारा हल्ला रोखायला कुणी उरत नाही. एवढं सगळं किक बसायच्या आधी घडतं, आणि किक बसल्यावर तीन सेकंदांत संपतं. याच वेळी मोबाइल काढलात तर गोल चुकला म्हणून समजा. रिप्ले नाही, आणि शेजारच्याला 'काय झालं हो?' विचारायची ती वेळ नसते.

बाकी वेळी खेळ रेंगाळला तर एकच गडी निवडून दहा मिनिटं त्याच्यावर नजर ठेवा, शक्यतो मागचा बचावपटू. तो किती बोलतो, हातानं कुणाला कुठं सरकवतो ते बघण्यासारखं असतं. पंचाहत्तर टक्के काम तो चेंडूला हात, म्हणजे पाय न लावता करतो म्हटलं तरी चालेल.

जायची घाई असेल तर सामना लीगचा की बाद फेरीचा हे आधी विचारा. लीगमध्ये बरोबरी झाली तर एकेक गुण वाटून मोकळे. बाद फेरीत टायब्रेकर होतो, दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी, तरी सुटलं नाही तर सडनडेथ, म्हणजे फरक पडेपर्यंत दोन्हीकडून एकेक किक. तेव्हा वरच्या पायऱ्या रिकाम्या होतात आणि सगळे जाळीशी जातात. तुम्ही वरच थांबा, नीट दिसेल. आणि शेवटची किक झाल्यावर दहा मिनिटं तिथंच बसून राहा. गेटवर त्या वेळी विजयी संघाचे हलगीवाले असतात आणि गाडी काही केल्या हलत नाही.