गुंज, चार गुंजा, मासा: सोन्याच्या प्राथमिक डिटेक्टरची डनॉलीच्या मातीत घेतलेली चाचणी

दुकानात काउंटरवर सोन्याची अंगठी धरून दाखवली की सगळेच मेटल डिटेक्टर किंचाळतात. त्या प्रात्यक्षिकावरून काहीच कळत नाही. अंगठी म्हणजे बंद कडं, त्यात विद्युतप्रवाह छान फिरतो. मातीतला सोन्याचा कण ओबडधोबड, मुगाच्या दाण्याहून लहान, आणि वर लोहयुक्त मातीचा थर. म्हणून प्राथमिक श्रेणीचं यंत्र हाती आल्यावर मी ते थेट ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या ‘गोल्डन ट्रँगल’ या सोन्याच्या पट्ट्यात, डनॉली आणि मोलियागुलच्या परिसरात तपासलं. मेलबर्नहून हा भाग साधारण दोनशे किलोमीटर. मोलियागुललाच ५ फेब्रुवारी १८६९ रोजी ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा ६१ सेंटीमीटर लांबीचा सोन्याचा गोळा सापडला, तोही जमिनीखाली जेमतेम ३ सेंटीमीटरवर. इथे उथळ सोनं असतं, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध. दुसरा गोळा मिळेल म्हणून कुणी जाऊ नये.

यंत्र व्हीएलएफ जातीचं, म्हणजे जमिनीत सतत लहर सोडणारं, ४५ किलोहर्ट्झचं. या वर्गातली बहुतेक यंत्रं याच्या आसपास किंवा वर चालतात: गॅरेटचं २४के ४८ वर, फिशरचं जुनं गोल्ड बग २ तर ७१ वर. नाणी शोधणाऱ्या साध्या डिटेक्टरची वारंवारता बरीच कमी असते. लहान कणात उठलेला प्रवाह क्षणात विरतो, तो पकडायला वारंवारता जास्त लागते. पण याच गुणाचा दोषही होतो, कारण तीच लहर मातीतल्या लोहालाही तितक्याच उत्साहाने उत्तर देते. या मातीत मॅग्हेमाइट हे चुंबकीय लोहखनिज भरपूर. पीआय जातीची, म्हणजे सतत लहरीऐवजी थांबून थांबून ठोके सोडणारी महागडी यंत्रं ही माती बरीचशी दुर्लक्षून खोल पाहतात, पण त्यांची किंमत कित्येक पट. तेव्हा ‘हे यंत्र किती खोल पाहतं?’ याचं उत्तर ‘कुठल्या मातीत?’ हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

आधी परवाना. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, मुदत दहा वर्षं, आणि सापडलेलं सोनं तुमचं. अटी मात्र नीट वाचा: फक्त हातानं चालवायची अवजारं, खड्डे बुजवायचे, झाडझुडूप उपटायचं नाही, खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी, आणि बहुतेक राष्ट्रीय उद्यानं बंद. जिओव्हिक या सरकारी नकाशावर कुणाच्या खाणपट्ट्यात पाय पडतोय ते आधी पाहिलं. (भारतातले नातलग ‘सुट्टीत येताना ते यंत्र घेऊन ये, गडावर फिरवू’ म्हणतात. नको. संरक्षित स्मारकात खोदणं गुन्हा आहे, आणि जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तरी १८७८च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.)

चाचणीसाठी सोनं लागत नाही, शिसं चालतं. लहान तुकड्याच्या बाबतीत यंत्राला शिसं आणि सोनं जवळजवळ सारखंच ऐकू येतं. मासेमारीच्या गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या घेतल्या, कातरल्या आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या सराफी काट्यावर तोलल्या. तीन वजनं ठरवली: एक गुंज म्हणजे ०.१२ ग्रॅम, चार गुंजा म्हणजे ०.४९ आणि एक मासा म्हणजे ०.९७. आपली जुनी मापं या कामाला इतकी चपखल बसतात की ग्रॅमच परके वाटू लागतात. प्रत्येक तुकडा लाकडी काडीच्या टोकाला गोंदानं चिकटवला. टेप नको, चकचकीत टेपमध्ये कधी धातूचा थर निघतो.

खरी अडचण पुरण्याची. खड्डा खणून, तुकडा टाकून, माती परत लोटली की निकाल खोटा येतो, कारण विस्कटलेली माती आणि न हललेली माती यंत्राला वेगळ्या वाटतात. उपाय असा: एक फूट खोल खड्डा, एक भिंत सरळ उभी तासलेली. त्या भिंतीत पृष्ठभागापासून २, ४, ६, ८, १० सेंटीमीटरवर लोखंडी सळई हातोडीनं आडवी ठोकून २५ सेंटीमीटर आत जाणारी बारीक भोकं पाडली. सळई काढून दूर ठेवली आणि काडी आत सारली. वरची माती जशीच्या तशी राहते. २५ सेंटीमीटर अशासाठी की खड्ड्याच्या काठावरून कॉइल (यंत्राच्या दांड्याच्या टोकाची, जमिनीवर फिरवायची तबकडी) गेली की पोकळीनंही आवाज उठतो. काडी घालण्याआधी रिकाम्या भोकांवरून दहा वेळा कॉइल फिरवा. एकदाही आवाज आला तर जागा बदला, तिथे आधीच काहीतरी आहे.

असे दोन खड्डे घेतले, एक ओहोळाकाठच्या पिवळट चिकणमातीत आणि एक लालकाळ्या लोहखड्यांच्या उतारावर. ५ इंची गोल कॉइलनं चिकणमातीत गुंज २ सेंटीमीटरवर स्वच्छ ऐकू आली, ४ वर नाही. चार गुंजा ६ पर्यंत. मासा ८ वर स्पष्ट, १० वर ‘आहे असं वाटतं’ इतपत. लोहखड्यांच्या उतारावर तोच मासा ६ वर कसाबसा, चार गुंजा ४ वर, आणि गुंज २ वरसुद्धा तीन फेऱ्यांतून एकदा. मोठी १० बाय ६ इंची कॉइल चिकणमातीत माशासाठी २ सेंटीमीटर जास्त खोल गेली, पण लोहाच्या उतारावर लहान कॉइलहून वाईट ठरली. मोठी कॉइल माती जास्त ‘पाहते’, म्हणजे गोंगाटही जास्त ऐकते. नवशिके सगळीकडे मोठीच लावतात.

संवेदनशीलता दहा पायऱ्यांची. उतारावर ८च्या पुढे यंत्र सतत बडबडत होतं; ६ वर आणलं तेव्हा मासा उलट जास्त ठळक झाला. बडबड करणारं यंत्र जास्त खोल पाहतंय, हा गैरसमज आहे. जमिनीचं संतुलन, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळणं, आपोआप होतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. नव्या मातीवर गेलं की कॉइल जमिनीलगत आठदहा वेळा संथ फिरवायची आणि मगच ऐकायला लागायचं. कॉइल एक-दीड सेंटीमीटर वर ठेवायची, गवत आडवं येत असेल तर आधी बुटानं जागा खरवडायची. एक मीटरच्या फेरीला दोन-तीन सेकंद, आणि दर फेरीत निम्मी रुंदी मागच्या फेरीवर चढलेली. फेरीच्या टोकाला हात नकळत वर उचलला जातो आणि तिथेच ३ सेंटीमीटर गमावतात. ८ सेंटीमीटरच्या यंत्रात ३ म्हणजे फार झाले.

आता लोखंड गाळण्याची सोय, जिच्यावर हे यंत्र विकलं जातं. माशाच्या शेजारी १० सेंटीमीटरवर गंजका खिळा ठेवला तर दोन वेगळे आवाज आले. ५ वर आणला तर मासा दिसेनासा झाला, फक्त लोखंडाचा तुटका आवाज. आणि खिळा अजिबात नसताना, लोहखड्यांच्या उतारावर ४ सेंटीमीटरवरच्या चार गुंजांनाही यंत्रानं निम्म्या वेळा ‘लोखंड’ म्हटलं. सिग्नल क्षीण झाला की त्यात मातीचं लोह मिसळतं, आणि यंत्र त्यालाच उत्तर समजतं. म्हणून ही सोय मी फक्त जुन्या खाणकामगारांच्या वस्तीच्या जागी, जिथे पावलागणिक खिळा आहे, तिथेच लावतो. इतरत्र सगळे धातू ऐकायचे आणि खणायचं.

‘हॉट रॉक’ म्हणजे भोवतालच्या मातीपेक्षा जास्त लोह असलेला, यंत्राला धातूसारखा वाटणारा दगड. तो ओळखायची साधी खूण: कॉइल हळूहळू उचला. धातूचा आवाज टोकदार राहून विरतो, दगडाचा पसरट असतो आणि तीन-चार सेंटीमीटरवर एकदम मरतो. खूण दहातल्या दोन वेळा फसवते. बुटानं वरची माती सरकवली आणि आवाजही सरकला तर दगड हातात घेऊन कॉइलवर फिरवला की निकाल लागतो.

खोट्या आवाजांची आणखी कारणं मातीत नसतातच. दांड्याला सैल गुंडाळलेली केबल; कॉइल आणि तिच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये शिरलेली काळी वाळू; खिशातला मोबाइल; पोलादी टोकाचे बूट; वीस मीटरच्या आतला दुसरा डिटेक्टर; वरून जाणारी वीजवाहिनी. कव्हर रोज संध्याकाळी काढून पुसायचं.

आवाज आला की आधी कुदळीच्या दांड्याला लावलेलं जोरकस चुंबक त्या जागी फिरवायचं. निम्मा कचरा तिथेच चिकटतो. मग प्लास्टिकच्या पळीत माती घ्यायची, कॉइलपुढे धरायची, आवाज असेल तर निम्मी टाकायची, पुन्हा पाहायचं. शेवटची चिमूट कॉइलवर सांडली की कण स्वतःच बोलतो. पळी धातूची असेल तर हे सगळं व्यर्थ.

दोन दिवसांत ६१ खड्डे. ३८ लोखंडाचे, १७ शिशाच्या छऱ्यागोळ्यांचे, ४ हॉट रॉक, २ सोन्याचे: ०.१४ आणि ०.३७ ग्रॅम, मिळून चार गुंजांच्या किंचित वर. दोन्ही ४ सेंटीमीटरच्या आत, दोन्ही लहान कॉइलवर, आणि दोन्ही जुन्या खाणीच्या तोंडाशी उपसून टाकलेल्या फिकट मातीच्या ढिगावर. या यंत्राची जागा तीच. असे ढीग, ओहोळातला उघडा पडलेला तळखडक, किंवा एखाद्यानं वरचा थर खरवडून नेलेली जमीन. न हललेल्या लाल उतारावर त्याला १९८० साली किंगोवरजवळ डिटेक्टरनं मिळालेल्या २७ किलोच्या ‘हँड ऑफ फेथ’सारखं काही ऐकू येईल, कारण तेवढा गोळा कुठलंही यंत्र ऐकतं. माशाएवढं सोनं हाताच्या चार बोटांच्या रुंदीपलीकडे असेल तर मात्र तो उतार सोडून द्यायचा.

जायचं ते मे ते सप्टेंबरमध्ये, तिकडच्या थंडीत. माती मऊ असते, ब्राउन साप सुस्त असतात आणि ऊन सोसवतं. पाय गुडघ्यापर्यंत झाकलेले हवेत, माणशी तीन लिटर पाणी, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवलेला. नजर कॉइलच्या पुढे चार पावलं ठेवायची. या रानात जुन्या खाणींचे उभे खड्डे झुडपांत तोंड उघडून आहेत, आणि हेडफोन लावलेल्या माणसाला पायाखालची माती घसरल्याचं ऐकू येत नाही.