चिकटलेला रिले

बियरच्या बाटल्या ठेवण्यासाठी घरगुती डीप फ्रीजर चार अंशांवर धरून ठेवणे हे ऐकायला किरकोळ काम वाटते. पण एप्रिलच्या ऐन उन्हाळ्यात कोथरूडच्या एका गृहस्थांकडे जे पाहिले, ते या कामातला सगळा धोका एका जागी दाखवणारे होते.

त्यांनी तापमान पाहून फ्रीजर चालू-बंद करणारा, बाजारातला तयार कंट्रोलर जोडून घेतला होता. "अहो, इतके दिवस आकडा बरोबर चार दाखवत होता, आणि आज झाकण उघडलं तर निम्म्या बाटल्या फुटलेल्या," ते म्हणाले. मी पाहिले तेव्हा आकडा उणे अकरा होता, रिलेचा, म्हणजे कंट्रोलरच्या इशाऱ्यावर कॉम्प्रेसरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, दिवा विझलेला होता आणि तरीही कॉम्प्रेसर चालूच होता. कंट्रोलर आपल्या परीने 'बंद' असे सांगत होता, पण ते ऐकणारा भागच निकामी झाला होता. रिलेचे प्लॅस्टिकचे टोपण ब्लेडने कापून काढले, तेव्हा वीज जोडणारे आतले दोन्ही धातूचे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटलेले दिसले. स्क्रू ड्रायव्हरचे टोक घालून दाबल्यावर ते टक् असा आवाज करून सुटले. रिलेवर १० अँपिअर छापलेले होते, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतो. चालू असताना जेमतेम एखादा अँपिअर घेणारा छोटा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो, आणि प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. साधारण ५ टक्के अल्कोहोल असलेली बियर उणे २ ते ३ अंशांच्या सुमारास गोठू लागते, आणि पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्याने काच टिकत नाही.

नवीन कंट्रोलर मी स्वतः बांधायचे ठरवले. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, ३० अँपिअरचा रिले, डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर आणि त्याच्या डेटा वायरसाठी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणला. मोठा रिलेही कधीतरी चिकटू शकतो, म्हणून त्याच्याशी सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही चालू असतील तरच वीज पुढे जाईल असा, एक साधा कॅपिलरी थर्मोस्टॅट (बारीक नळीच्या साहाय्याने तापमान ओळखणारा यांत्रिक स्विच) जोडला आणि तो एका अंशाला वीज तोडेल असा लावला. इलेक्ट्रॉनिक्सशी काहीही संबंध नसलेला हा दुसरा पहारेकरी मला या सगळ्या जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. सेन्सर हवेत लोंबकळत न ठेवता एका भरलेल्या बाटलीला टेकवून वरून फोम गुंडाळला, कारण झाकण उघडल्याबरोबर हवेचे तापमान उडी मारते आणि कॉम्प्रेसर विनाकारण सुरू होतो. चार अंशांना बंद आणि साडेपाचला चालू, एवढे अंतर ठेवले.

खरी परीक्षा वीज जाण्या-येण्याची होती. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज जाते आणि क्षणात परत येते. तेव्हा दोन्ही बाजूंच्या गॅसचा दाब सारखा झालेला नसताना कॉम्प्रेसर सुरू झाला, तर मोटर अडकते आणि तापते. म्हणून कंट्रोलरला वीज मिळाल्यापासून पाच मिनिटे कॉम्प्रेसर सुरूच होऊ द्यायचा नाही, असा प्रोग्रॅम लिहिला. मेन स्विच बंद करून लगेच चालू केला, तर पडद्यावर ८५ उमटले. हे तापमान नव्हे. पहिले मोजमाप पुरे होईपर्यंत हा सेन्सर हाच आकडा देतो, आणि तो खरा धरणारा कंट्रोलर फ्रीजरला विनाकारण थंड करत सुटेल. माझ्या प्रोग्रॅमने तो नाकारला आणि उलटी मोजणी सुरू केली.

"बिघडला का हो?" कॉम्प्रेसरचा आवाज येईना, तसे त्यांनी विचारले.

"नाही, काका. गॅसचा दाब बरोबरीला येऊ देतोय."

पाच मिनिटांनी कॉम्प्रेसर एका दमात सुरू झाला. मग सेन्सरची वायर ओढून काढली. रिले लगेच सुटला आणि पडद्यावर दोषाची सूचना आली. शेवटी रिलेचे दोन्ही टोक वायरने जोडून तो चिकटल्याची स्थिती निर्माण केली आणि आम्ही दोघेही वाट पाहत बसलो. तापमान हळूहळू उतरत गेले आणि कॅपिलरीने कॉम्प्रेसर तोडला तेव्हा बाटलीवरचा आकडा दीड अंशावर होता. ती वायर काढून जोडणी पूर्ववत केली आणि फ्रीजर त्यांच्या ताब्यात दिला. पावसाळ्यात हवेतली वाफ आत बर्फ न होता पाणी होऊन तळाला साचेल, तेव्हा आठवड्याला तळाचे बूच काढून ते पाणी सोडावे, एवढे मात्र त्यांना आवर्जून सांगितले.