पाच मिनिटांच्या शेगडीपुरता मिथेन

गोबर गॅसची कामं करतो म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न सुटत नाही: ‘हवेतला कार्बन ओढणारी यंत्रं निघालीत, मग मिथेन का नाही ओढत?’ मिथेन म्हणजे गोबर गॅसमधला जळणारा वायू; हवेत सुटला की उष्णता अडवतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यातल्या हवेत मिथेन असतो जेमतेम 54 मिलिलिटर, कटिंग चहाहूनही कमी. आमची घरगुती शेगडी पाच मिनिटं पेटायला 20 लिटर लागतो. म्हणजे अशा साडेतीनशेच्या वर खोल्या पिळायच्या! कार्बन डायऑक्साइड त्याच हवेत दोनशेपटीहून जास्त आहे, तरी तो वेगळा काढताना लोक मेटाकुटीला येतात.

बरं, मिथेन साठवायलाच हवा असं नाही. जिथल्या तिथे जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड केला तरी चालतो, कारण वीस वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 80 पट उष्णता अडवतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तांबं घातलेल्या झिओलाइटवर, म्हणजे एका सच्छिद्र खनिजावर, हे जमवलंय, पण त्याला सुमारे 300 अंश तापमान लागतं. एवढी हवा तापवायची कशावर? समुद्रावर लोहक्षार फवारून क्लोरीन मोकळं करायचं आणि त्याने मिथेन मोडायचा, अशीही एक कल्पना आहे. तिची मला धास्तीच वाटते. संगणकावरच्या अभ्यासात क्लोरीन कमी पडलं तर मिथेन उलट जास्त टिकलेला दिसतो.

तरी संशोधन व्हावं. मिथेन दलदलींतूनही सुटतो, त्यांच्यावर झाकण कोण घालणार? पण गोठा, कचरा डेपो, कोळशाची खाण इथे तो दाट मिळतो, तिथेच धरा ना. हवेत गेलेला मिथेन दहा-बारा वर्षांत आपसूक मोडतो. नवा सुटला नाही की पातळी उतरायला लागते.

पंगतीत जे सांगत नाही, ते आता सांगतो. आमच्याच घरच्या गोबर गॅसच्या टाकीच्या घुमटाला चीर गेली होती. आई म्हणायची, ‘आच मंदावलीय रे.’ मी म्हणायचो, थंडी आहे, गॅस कमीच होणार. होळी उलटली, ऊन तापलं, आच तेवढीच. शेवटी माती बाजूला करून साबणाचं पाणी ओतलं तर हा फेस! उन्हात वाळणाऱ्या गोवरीतून मिथेन जवळजवळ निघत नाही. शेण टाकीत हवेवाचून कुजतं, तेव्हा तो होतो. म्हणजे तीन-चार महिने मी मिथेन मुद्दाम बनवून वर सोडत होतो.

आता कुणाकडे गेलो की आधी साबणाचं पाणी मागतो, चहा नंतर.