रिपोर्ट आठ मायक्रॉनचा, गेज मात्र बसेना: प्लेटिंग बाहेर देण्याचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. स्टड (टोकांना आटे असलेले बोल्टसारखे दांडे) आम्ही बनवतो, झिंक प्लेटिंग म्हणजे त्यावरचा जस्ताचा पातळ थर बाहेरून करून घेतो. प्लेटिंगचा प्लँट, सांडपाण्याची प्रक्रिया, प्रदूषण मंडळाची संमती हे आमच्या आवाक्यातलं काम नाही. प्लेटर शोधणं, दर ठरवणं, पहिले चार लॉट, सगळं सुरळीत झालं. अडलं ते पाचव्या लॉटला. त्याची आठवण झाली की अजून डोकं तापतं.

एम१० चे, म्हणजे १० मिलिमीटर व्यासाचे, ९० मिलिमीटर लांबीचे ४,२०० स्टड होते. ग्राहकाच्या क्वालिटी विभागातून फोन आला, "मॅडम, गो गेज आट्यांवर चढत नाहीये. लॉट परत पाठवतोय." गो गेज म्हणजे आटे मापात आहेत का ते बघायची रिंग; ती आट्यांवर सहज फिरत जायला हवी.

मी प्लेटरशेठना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "रिपोर्ट बघा मॅडम. आठ मायक्रॉन मागितलेत, आठच दिलेत." रिपोर्टवर थराची जाडी खरंच आठ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) होती. आणि प्लेटिंगला जाण्याआधी आमचे आटे गेजला पास झाल्याची नोंद आमच्या रजिस्टरमध्ये होती. मग चूक कुणाची?

या एका प्रश्नावर अकरा दिवस गेले. सकाळी दहाला मी त्यांच्याकडे जायचे, सुपरवायझर म्हणायचा, "शेठ येतीलच, बसा." ॲसिडच्या वासात बाकावर बसून दुपार व्हायची. दोन दिवस फोनही उचलला नाही. तिकडे ग्राहकाची लाइन अडलेली आणि डेबिट नोटची, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापण्याची, मेल येऊन पडलेली. रात्री झोप लागत नव्हती.

बाराव्या दिवशी रिंग गेज आणि वीस स्टड पर्समध्ये टाकून गेले आणि सरळ म्हटलं, "शेठ, माझ्यासमोर मोजा." त्यांच्याकडच्या मुलाने स्टड थर मोजायच्या मशीनखाली ठेवला, अगदी मधोमध, जिथे आटे नाहीत तिथे. ८.१ आलं. मी म्हटलं, "आता टोकाला मोज." १३ आलं. दुसरा स्टड १२, तिसरा १३, चौथा १४. कुणी काही बोललं नाही. शेठनी माझ्या हातातलं गेज घेतलं, स्वतः फिरवून पाहिलं, दुसऱ्याच आट्यावर ते अडलं.

कारण साधं आहे, पण आधी कुणी सांगितलं नव्हतं. टाकीत विजेचा प्रवाह टोकांना आणि कडांना जास्त ओढला जातो, त्यामुळे तिथे थर जाड बसतो. शिवाय आटे तिरके असल्याने थराच्या चौपट वाढ पिच व्यासात (आट्यांच्या उंचीच्या मध्यावर धरलेल्या व्यासात) होते. आठ मायक्रॉनचे ३२ होतात. एम१० च्या १.५ पिचला (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) ६ जी बसणीत (आटे किती सैल ठेवायचे याचा ठरलेला वर्ग) प्लेटिंगसाठी मोकळी जागाही ३२ मायक्रॉनच असते. १३ चे झाले ५२. त्यात आमचे आटे वरच्या मर्यादेला टेकलेले. दोघांचे कागद बरोबर होते आणि माल मात्र बाद.

मधल्या भागात पाच मायक्रॉन चालतील असं ग्राहकाने लेखी दिलं. शेठनी लॉट स्ट्रिप करून, म्हणजे जुना थर उतरवून, पुन्हा प्लेटिंग फुकट करून दिलं, वाहतूक मी सोसली. गेज पहिल्या स्टडवर अलगद फिरलं तेव्हा मला खरंच रडू आलं.

आता मालासोबत जाणाऱ्या चलनावर फक्त 'झिंक प्लेटिंग करून देणे' असं लिहीत नाही. किमान थर किती, तो कुठे मोजायचा, टोकाला कमाल किती, पॅसिव्हेशन (जस्तावरचा रासायनिक संरक्षक थर) कोणतं, सगळं लिहिते. आमच्या गेजचा एक जोड त्यांच्याकडेच ठेवलाय. आटे आम्ही मर्यादेच्या खालच्या निम्म्यात रोल करतो. लॉटचे पहिले पाच नग दोघांनी सही करून ठेवायचे. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर अकरा दिवस वाचले असते, याचा राग अजून आहे.

पैशाचंही सांगते. प्लेटर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असतानाही ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला आणि वर्ष संपेपर्यंत रक्कम दिली नाही तर त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही. मी तिसाव्या दिवशी देते. आता फोन पहिल्या रिंगला उचलला जातो.

चलनाच्या तीन प्रती करा, आणि जॉबवर्कला (असं बाहेरून काम करून घ्यायला) गेलेला माल वर्षाच्या आत परत आल्याची नोंद ठेवा, नाहीतर जीएसटीत तो विकला असं धरलं जातं. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत भरायचा.

आणि हो, १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे (जास्त ताकदीच्या पोलादाचे) नग देणार असाल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बेकिंग, म्हणजे भट्टीत तापवणं, हे चलनावर मोठ्या अक्षरात लिहा. ॲसिडमधून आणि टाकीतून पोलादात शिरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही, तर असा बोल्ट आवळल्यावर काही तासांनीही तुटू शकतो.