गॅलरीतला ओरडा आणि पडद्यावरची बंदूक

लालबागला आमच्या चाळीत रात्री साडेअकराच्या सुमारास गॅलरीतून 'अरे मागे बघ, रिव्हाइव्ह दे!' (म्हणजे खेळात पडलेल्या साथीदाराला उठव) असा ओरडा आला की शेजारच्या खोलीत राहणारी माझी ताई उठून आधी भाच्याचा मोबाइल काढून घेते. मोबाइलवरच्या खेळात दिवसभर गोळ्या झाडणारा मुलगा आईवर खेकसणारच, अशी घरातल्या सर्वांची ठाम समजूत आहे. माझीही होती.

ती सैल झाली ती थोडे वाचल्यावर. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी 2019 मध्ये ब्रिटनमधील 14-15 वर्षांच्या सुमारे 1,000 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळ किती हिंसक, हे त्यांनी मुलांना न विचारता अधिकृत वर्गीकरणावरून ठरवले आणि आक्रमक वागणुकीची माहिती पालकांकडून घेतली. तरीही दोहोंत संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची संघटना मात्र अशा खेळांचा चिडखोर, आक्रमक वागण्याशी थोडा संबंध मानते, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडू नये, असे तिने 2020 मध्ये स्पष्ट केले. चिडणे आणि हिंसा यांतला हा फरक आपल्याकडच्या चर्चेत कुणी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

बुद्धीचे म्हणाल, तर ग्रीन आणि बावेलिए या संशोधकांच्या 2003 च्या प्रयोगात 10 दिवस रोज तासभर युद्धाचा खेळ खेळलेल्यांचे दृश्य अवधान, म्हणजे नजरेने टिपण्याची क्षमता, ठोकळे जुळवण्याचा टेट्रिस खेळणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. परंतु नजर तरबेज झाली म्हणून धडा वाचताना मन टिकेलच, असे त्यातून निघत नाही.

मग मी सलग तीन रविवार भाच्याशेजारी बसलो. शत्रू टिपताना त्याचा चेहरा बुद्धिबळ खेळताना असतो तसाच शांत होता. नेटवर्क गेले, किंवा जोडीदार अर्ध्यावर सोडून गेला, की मात्र तो चार्जर आपटायचा. अर्ध्या तासाची मॅच मध्येच थांबवता येत नाही आणि ताईची 'जेवायला ये' ही हाक नेमकी शेवटच्या पाच मिनिटांत यायची. शिवाय सकाळी सातच्या शाळेसाठी उठणाऱ्या मुलाची झोप सहा तासही होत नव्हती. 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जीवर बंदी आली, तेव्हा चाळीतली मोठी मुले आठवडाभरात दुसऱ्या खेळाकडे वळली होती आणि जागरणे तशीच चालू राहिली होती.

आता सव्वाआठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही आणि मोबाइल रात्री ताईच्या उशाशी, असे ठरले आहे. काल ताईने हाक मारण्याऐवजी विचारले, "किती मिनिटं उरली?" तो म्हणाला, "सहा," आणि सातव्या मिनिटाला पाटावर येऊन बसला.