रुचिरा अपडेट : अनारसे झाले एकदाचे!

मंडळी, चकली, कडबोळी, चिरोटे मागेच झालेले, फराळातले अनारसे तेवढे राहिले होते ते या आठवड्यात केले आणि काय जाळी पडलीये म्हणून सांगू, अगदी मनासारखी.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. कमलाबाई ओगल्यांची रुचिरा, १९७० साली आलेली, मी त्यातला एकेक पदार्थ करत चाललेय. माझ्याकडची प्रत आईची आहे, पुरणपोळीच्या पानावर तिने पेन्सिलने लिहून ठेवलंय "निळ्या कडेची वाटी". बस, एवढंच. पण माझ्या मते या पुस्तकाचं सगळं गुपित तिथेच आहे बघा, सगळी मापं वाटी-चमच्याची! त्या काळात घरात सासूबाई शेर-पावशेरात बोलायच्या आणि दुकानात किलो-ग्रॅम नुकतेच रुळलेले, अशा वेळी या बाईंनी दोन्ही बाजूला ठेवून प्रत्येक घरात असतेच ती वाटी हातात दिली, त्यामुळे नवीन लग्न झालेल्या मुलीलाही जमलं आणि आज परदेशात कोणी कॉफीच्या मगाने मोजलं तरी जमतं. वाटी कुठली घ्यायची असं सगळे विचारतात, कुठलीही घ्या, पण त्या पदार्थाला शेवटपर्यंत तीच ठेवा. आणि प्लीज, व्हिडिओतले ग्रॅम आणि पुस्तकातली वाटी यांची मिसळ करू नका, गूळ दाबून भरला की भुरभुरीत भरला एवढ्यानेसुद्धा वजन बदलतं.

आता अनारसे. कृती जशीच्या तशी उतरवत नाही, पुस्तक घ्याच, मी काय काय केलं ते सांगते. जाडसर जुना तांदूळ ३ दिवस भिजवला, रोज पाणी बदललं (उन्हाळ्यात हे विसरायचं नाही हं, वास येतो), मग उपसून सावलीत कापडावर पसरला. इथे घाई नको. दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे पण दाबल्यावर आतून ओलसर हवा, तेव्हाच दळायचं. मिक्सरवर थोडं थोडं फिरवून बारीक चाळणीने चाळलं, वर उरलेला रवा पुन्हा फिरवला. त्यात बारीक चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप, दोन्ही हातांनी चांगलं मळून घट्ट गोळे करून डब्यात ठेवले. पाणी अजिबात नाही, गुळाला जे सुटतं तेवढंच. ३-४ दिवसांनी गोळा फोडला तर मऊ झालेला आणि किंचित आंबूस गोड वास, म्हणजे पीठ तयार.

तळणाची मजा वेगळीच आहे. खसखशीवर बोटांनी थापायचा आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाहीच, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. आधी तळाशी जातो, मग हळूच वर येतो, कडेने बारीक बुडबुडे सुटतात आणि मधे एकेक भोक उघडत जातं, गूळ विरघळून वाट करून देतो ना. गॅस मंदच. पहिला एकच सोडून बघा. तुपात पसरून हसला, म्हणजे फुटून विखुरला, तर पीठ सैल आहे, थोडी तांदळाची पिठी मळून घ्या. उलट घट्ट राहून जाळी पडत नसेल तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा मळा, फरक लगेच दिसतो. काढल्यावर चाळणीत उभे लावून ठेवायचे, तूप निथळलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी जड लागतात.

बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, गूळ छान खमंग लागतोय. नणंदेला अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचंय, ती म्हणाली या वेळी विकत नको, तूच कर, लगेच हो म्हटलं!

अर्धं पीठ फ्रीजमध्ये ठेवलंय, छान टिकतं. त्यानंतर साखरेचे करून बघणार, त्याला रंग फिका येतो म्हणतात. साखरेचे नेहमी करणाऱ्यांनी सांगा ना, पिठीसाखर तुम्ही वाटीला वाटी घेता की थोडी कमी?